चि. मुक्ताला, सिंगापूरला निघताना

पुणे

चि. मुक्ता,


ताईचा फोन आला होता. कंपनी तुला प्रशिक्षणासाठी सिंगापूरला पाठवते आहे आणि राहायची सोय फुलर्टन हॉटेलात केली आहे, हे ऐकून फार आनंद झाला. पण तू धास्तावली आहेस, हेही तिनं सांगितलं. एवढ्या मोठ्या हॉटेलात कसं वावरायचं, काही चुकलं तर लोक काय म्हणतील, हीच तुझी काळजी ना? मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये माझं उभं आयुष्य गेलं. लॉबीत पाहुणे कसे दिसतात ते सगळेच बघतात. ते निघून गेल्यावर त्यांच्या खोल्या कशा दिसतात ते आम्ही बघत आलो. म्हणून हे पत्र जरा लांबेल. सगळं वाच.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. कंपनी पैसे भरते ते खोलीचे आणि सेवेचे. तिथल्या माणसांची किंमत त्यात धरलेली नसते. हे ज्याला उमगलं तो तिथे दबकतही नाही आणि अरेरावीही करत नाही. दारावरच्या माणसानं दार उघडलं तर त्याच्याकडे बघून हसायचं, 'थँक यू' म्हणायचं आणि आत जायचं. बॅग उचलायला कोणी पुढे आलं तर ओढाताण करू नकोस, ते त्याचं काम आहे आणि त्याला ते नीट येतं. तुझे कपडे साधे आहेत का, इंग्रजी अडखळतं का, याकडे तिथे कोणी बघत नाही. चांगल्या हॉटेलातल्या माणसांना पाहुण्याचा स्वभाव पहिल्या दोन वाक्यांत कळतो आणि त्यांच्या लक्षात राहतो तो तेवढाच.

आता व्यवहाराचं. चेक-इनच्या वेळी पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड मागतील. खोलीचे पैसे कंपनीनं भरले असले तरी किरकोळ खर्चासाठी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, ती नंतर सुटते. तिथल्या दरपत्रकात आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं, दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर नऊ टक्के जीएसटी लागणार. म्हणजे 100 डॉलरचं जेवण 119 डॉलर 90 सेंटला पडतं. सेवाशुल्क बिलातच असल्यामुळे वेगळी टिप देण्याची तिथे रीत नाही, त्याचं दडपण घेऊ नकोस. नळाचं पाणी निर्धास्त पी. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, तो इथूनच घेऊन जा. मिनीबारमधली वस्तू नुसती कुतूहल म्हणून उचलू नकोस, काही हॉटेलांत उचलल्याचीच नोंद होते. लाँड्रीचे दर एकेका कपड्यावर असतात आणि चांगलेच भारी असतात. इस्त्री खोलीत मिळते, नसली तर मागव.

सुरक्षिततेचं मात्र सावकाश वाच. खोलीचा नंबर लॉबीत किंवा लिफ्टमध्ये मोठ्यानं बोलू नकोस. आत गेल्यावर दाराचं दुसरं कुलूप लाव. दारामागचा आगीच्या वेळचा नकाशा बघ आणि जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते एकदा चालत जाऊन मोज. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा हाताला ते मोजमाप आठवतं. तू मागवलं नसताना कोणी दार वाजवलं तर आधी रिसेप्शनला फोन करून विचार. रात्री खोलीतला फोन वाजला आणि 'रिसेप्शनमधून बोलतोय, कार्डाचा नंबर पुन्हा सांगा' असं कोणी म्हणालं, तर फोन ठेव आणि स्वतः खाली जा. ही फसवणूक जगभर चालते. यात भित्रेपणा काही नाही. एकट्यानं प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईनं एवढं करावंच.

आता खोलीबद्दल, कारण इथे मला मनापासून वाटतं ते सांगायचं आहे. आमच्याकडे एक रूम अटेंडंट एका पाळीत बारा ते सोळा खोल्या करत असे. प्रत्येक खोलीत जाड गादी उचलून चादर खोचायची, न्हाणीघर घासून कोरडं करायचं, आरशावर एक थेंब राहू द्यायचा नाही. बहुतेकांची कंबर चाळिशीतच धरते. सिंगापूरच्या हॉटेलांत हे काम करणाऱ्या कितीतरी बायका आणि पुरुष मलेशियातल्या जोहोर बाहरूहून रोज पहाटे कॉजवे ओलांडून येतात आणि रात्री परत जातात. तू केसांना खोबरेल लावतेस. पांढऱ्या उशीवर तो डाग बसला की निघत नाही, तेव्हा एक जादा टॉवेल मागून उशीवर अंथर. कुंकू, काजळ, हळदीचा हात हॉटेलच्या टॉवेलला पुसायचा नाही. चिवडा, लाडू खुशाल ने, पण टेबलाशी बसून खा, पलंगावर नको. किटली पाण्यासाठी असते. तिच्यात दूध, नूडल्स किंवा अंडी उकळली की पुढच्या पाहुण्याचा चहा बिघडतो. ताई सोबत उदबत्ती देईलच, तिला माझं नाव सांग आणि ती घरीच ठेव. धुराची घंटा वाजली तर मजलाच्या मजला खाली उतरवावा लागतो. हात जोडायला उदबत्ती लागत नाही.

निघण्याच्या दिवशी वापरलेले टॉवेल एका जागी ठेव, कचरा डब्यात टाक, दिवे बंद कर. पलंग आवरायची गरज नाही, चादरी तशाही काढायच्याच असतात. साबण, शाम्पूच्या छोट्या बाटल्या घेतल्या तर चालतं. झगा आणि टॉवेल हॉटेलचे.

तक्रार असेल तर तेव्हाच कर. एसीचं पाणी गळतंय, शेजारचा आवाज झोपू देत नाही, हे दुसऱ्या दिवशी बिल भरताना सांगून उपयोग नसतो, कारण तेव्हा कोणाला काही दुरुस्त करता येत नाही. ड्यूटी मॅनेजरला बोलावून घे, काय झालं आणि काय हवं ते सरळ सांग. समोर उभी असलेली पोरगी बहुधा तुझ्याच वयाची असेल आणि चूक तिची नसेल. आवाज चढवून जास्त मिळतं हा समज आपल्या लोकांत पक्का आहे. हॉटेलच्या आतल्या बाजूनं मी सांगते, तो खोटा आहे.

तू राहणार आहेस ती इमारत आधी टपाल कचेरी होती. 1928 साली बांधून झालेलं सिंगापूरचं जनरल पोस्ट ऑफिस तिथे 1996 पर्यंत होतं. 2001 पासून तिथे हॉटेल आहे. रॉबर्ट फुलर्टन हे स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे पहिले गव्हर्नर, त्यांचं नाव त्या इमारतीला दिलं. इंग्रजांनी बांधलेले ते भव्य खांब बघशील, तेव्हा पलीकडे नदीही बघ. तिच्या काठावर चिनी हमालांनी पाठीवरून पोती वाहिली आणि तमिळ चेट्टियारांनी व्यापाराला कर्ज पुरवलं. चालत जाण्याजोग्या अंतरावरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल तर हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी बांधलं. मद्रास आणि बंगालबरोबर आपल्या मुंबई इलाख्यातूनही माणसं तिकडे पाठवली गेली होती. त्यांतले बरेच परत आलेच नाहीत.

रॅफल्स हॉटेलही एकदा बाहेरून बघून ये. 1887 साली ते सुरू केलं इराणातून आलेल्या आर्मेनियन सार्कीज बंधूंनी, एका अरब मालकाच्या बंगल्यात. तिथलं प्रसिद्ध 'सिंगापूर स्लिंग' हे पेय न्गियाम टाँग बून या हाइनानी चिनी बारटेंडरनं बनवलं. दारावर शीख दरबान उभे असतात. आर्मेनियन, अरब, चिनी, शीख, मलय, सगळ्यांनी मिळून ते नाव उभं केलं. एवढी वेगवेगळी माणसं शेजारी शेजारी काम करतात तेव्हाच असं हॉटेल चालतं, हे मी माझ्या खात्यातही पाहिलं आहे.

म्हणून तिथे माणसांशी बोलताना थोडं भान हवं. सिंगापूरच्या रहिवाशांपैकी साधारण तीन-चतुर्थांश चिनी वंशाचे आहेत, मग मलय, मग भारतीय वंशाचे. इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ या चार भाषा अधिकृत आहेत. त्यात हिंदी नाही. काउंटरवरची मुलगी सावळी दिसली, तिच्या नावात लक्ष्मी असलं, म्हणून तिच्याशी हिंदीत सुरुवात करू नकोस. तिच्या घरात चार पिढ्या तमिळ बोलली गेली असेल आणि ती सिंगापूरची नागरिक आहे. 'मूळची भारतातली कुठली?' हा प्रश्नही आपण प्रेमानंच विचारतो, पण ऐकणाऱ्याला तू तिला परकी ठरवतेस असं वाटतं. तिला सांगायचं असेल तर ती आपणहून सांगेल.

सकाळच्या न्याहारीला एकाच टेबलावर काँजी, नासी लेमाक, डोसा आणि बेकन दिसेल. एका पदार्थाचा चिमटा दुसऱ्यात घालू नकोस. तुझ्यासाठी ती साधी गडबड, शेजारच्या मुसलमान पाहुण्याच्या ताटाचा मात्र प्रश्न. तू शाकाहारी आहेस, तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागणार नाही. भाजीत बेलाचान म्हणजे कोळंबीचं वाटण किंवा माशांचा सॉस असू शकतो. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, बेलाचान नको, असं एकेक नाव घेऊन सांग. आचारी चिडत नाहीत, उलट नेमकं सांगितलं की त्यांना बरं वाटतं. वस्तू किंवा व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी दे. मलय गृहस्थानं हात पुढे न करता छातीवर ठेवला तर तूही तसंच कर. तो मानच आहे.

तू ऑगस्ट-सप्टेंबरात असशील. तेव्हा बहुधा चिनी सातवा महिना लागतो, आपल्या पितृपक्षासारखाच पितरांचा. रस्त्याकडेला, गवतावर संत्री, भात, उदबत्त्या मांडलेल्या दिसतील, कागदी नोटा जाळलेल्या दिसतील. त्यांवर पाय पडू देऊ नकोस आणि फोटोसाठी वस्तू हलवू नकोस.

एकमेकांच्या रीती सांभाळण्याचा हा शेजारधर्म तिथे आपोआप आलेला नाही. 1964 साली याच शहरात मलय आणि चिनी लोकांत दंगली होऊन माणसं मेली. 1989 पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबं असावीत याची मर्यादा ठरलेली आहे, म्हणजे एकाच समाजाची वस्ती होऊ नये. घर विकताना त्याचा लोकांना जाच होतो, ते कुरकुरतातही. मला विचारशील तर तो जाच सोसण्याजोगा आहे. आपल्याकडे जात विचारून घर नाकारतात, ते मी पाहिलं आहे.

हॉटेलात सगळं मिळतं म्हणून तिथेच बसून राहू नकोस. एका संध्याकाळी चालत तेलोक आयर रस्त्यावर जा. समुद्र भरून काढण्याआधी हाच किनारा होता, जहाजातून उतरलेला माणूस पहिल्यांदा इथेच देवाचे आभार मानत असे. तिथे होक्किएन लोकांचं सागरदेवता माझूचं थियान हॉक केंग मंदिर आहे, जवळच तमिळ मुसलमानांचा नागोर दर्गा आहे आणि अल-अब्रार मशीद आहे. पुढे साउथ ब्रिज रोडवर, चिनी वस्तीच्या मधोमध, 1827 सालचं मारियम्मन देऊळ, आणि त्याच रस्त्यावर जामे मशीद. चपला काढ, खांदे झाकलेले असू देत, शांतपणे बघ.

जेवायला लाउ पा सात या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात जा, हॉटेलपासून ते लांब नाही. हॉकर संस्कृतीला युनेस्कोनं 2020 साली वारशाच्या यादीत घेतलं आहे. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ते टेबल कोणीतरी धरलंय असं समज. जेवून झालं की ताट स्वतः उचलून ठेवायचं, तो तिथला नियम आहे. दुकानदार वयस्क असेल तर 'अंकल', 'आँटी' म्हण, तिथे सगळेच तसं म्हणतात. रविवार मोकळा असला तर महाराष्ट्र मंडळाची चौकशी कर, गणेशोत्सवाच्या सुमारास तुला तिथे घरचं कोणीतरी भेटेल.

आणि एक काम माझ्यासाठी कर. तुझी खोली रोज आवरणाऱ्या माणसाचं नाव विचारून घे. निघताना अभिप्रायाच्या कागदावर ते नाव स्पष्ट अक्षरात लिही आणि त्यानं काय चांगलं केलं तेही लिही. 'सगळं छान होतं' एवढं लिहिलं तर ते कोणाच्याच खाती जमा होत नाही. नाव लिहिलेला कागद खातेप्रमुखाकडे पोचतो, बैठकीत वाचला जातो आणि बढतीच्या वेळी समोर ठेवला जातो. मी असे कागद वाचून माणसांना वर नेलं आहे. चादर खोचणाऱ्याच्या हाती पाहुण्याकडून एवढंच लागू शकतं, आणि ते लिहायला तुला पाच मिनिटं लागतील. विसरू नकोस.

तुझी,
मावशी