जुन्या ट्रॅक्टरचे झिजलेले ब्रेक व ते बदलण्याची रीत

ट्रॅक्टर चालू होतो की नाही हे प्रत्येक मालक पाहतो. तो थांबतो की नाही याची विचारपूस मात्र बहुधा एखादी आपत्ती ओढवल्यानंतरच होते. नांगरटीच्या वेळी ब्रेकवाचून फारसे अडत नाही, कारण जमिनीत रुतलेला नांगरच यंत्रास रोखून धरतो. तोच ट्रॅक्टर ऊस भरलेली ट्रॉली घेऊन उतारास लागला म्हणजे परिस्थिती पालटते. वेग दुप्पट झाला तर थांबविण्यासाठी खर्ची पडणारी शक्ती चौपट होते. त्यातून ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील तर तिचा सगळा भार मागून ट्रॅक्टरलाच ढकलू लागतो.

१९६० साली स्थापन झालेल्या टॅफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन ३५ या धर्तीचे जुने ट्रॅक्टर काही गावांत अजूनही दिसतात. त्यांचे ब्रेक मागील दोन्ही चाकांच्या आतल्या अंगास असतात. पेडल दाबले असता ड्रमच्या आतील दोन अर्धगोल शू फाकतात आणि त्यांवर बसविलेले लायनिंग ड्रमला घासून चाक थांबते. प्रस्तुत पाठ अशा कोरड्या ड्रम ब्रेकांपुरताच आहे. काही जुन्या ट्रॅक्टरांत चकत्यांचे ब्रेक असतात, तर अलीकडील ट्रॅक्टरांत ते तेलात बुडालेले असतात. त्यांची रीत निराळी आहे.

दोन्ही चाकांना स्वतंत्र पेडल असते, आणि झिजेचे एक कारण येथेच आहे. चालक धुऱ्यावर नेहमी एकाच बाजूस वळत असेल, तर त्याच बाजूचे लायनिंग आधी संपते. मग रस्त्यावर पेडलांची कडी अडकवून एकदम ब्रेक दाबला की ट्रॅक्टर एका अंगाला ओढ घेतो. कडी न अडकविता भरधाव वेगात एकच पेडल दाबले, तर यंत्र उलटण्यास तेवढेच निमित्त पुरते. दुसरे कारण चिखलणीचे. भातखाचरात काम करणाऱ्या यंत्राच्या ड्रममध्ये पाणी व बारीक रेती शिरते आणि ती कानशीप्रमाणे लायनिंग खाते.

पेडल पूर्वीपेक्षा खोल जाणे, चाकातून धातू घासल्याचा कर्कश आवाज येणे, ड्रमच्या मागून तेल ओघळणे, ही लक्षणे दिसताच चाक उघडावे. गाळपाचा हंगाम तोंडावर आला म्हणजे मिस्त्री मिळत नाही. खंडेनवमीस यंत्राला हळदकुंकू वाहण्याची चाल सर्वत्र आहे. त्याआधीच्या आठवड्यात ब्रेक उघडून पाहिले तर पूजा अधिक सार्थ होईल.

काम सपाट, कठीण जमिनीवर करावे. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा पाचरी लावाव्यात. पुढचा भाग डुलू नये म्हणून पुढील ॲक्सल व इंजिन यांच्यामध्ये दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकाव्यात. मागचा ॲक्सल जॅकने उचलल्यावर त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे रचावेत. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही हात घालू नये. विटांची थप्पीही उपयोगाची नाही, ती भाराखाली फुटते. मागील टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास चाक फार जड असते. ते काढण्यास दोघांहून कमी माणसे नसावीत.

ब्रेक सैल करून ड्रमचे दोन स्क्रू काढले की ड्रम बाहेर येतो. अडल्यास लाकडी हातोड्याने सभोवार हलके ठोके द्यावेत. आत साचलेली काळी पूड दिसताच ती तोंडाने अगर हवेच्या पंपाने उडविण्याची सवय अनेकांना आहे. ही सवय घातक होय. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर बऱ्याच वर्षांनी कर्करोगासारखे असाध्य विकार जडतात. यास्तव पूड पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. मुलांना जवळ उभे राहू देऊ नये. नवे लायनिंग ॲस्बेस्टॉसविरहितच मागून घ्यावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगा कोठे अडकतात याचा नमुना दुसऱ्या बाजूस शाबूत राहतो. लायनिंग रिपिटांच्या डोक्यापर्यंत झिजले असल्यास ते बदलावे, आणि एक बाजू चांगली दिसली तरी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. नवीन लायनिंगची रिपिटे मधून सुरुवात करून टोकांकडे ठोकीत जावे, म्हणजे पोकळी राहत नाही. सैल पडलेल्या स्प्रिंगाही याच वेळी बदलाव्यात. ड्रमला खोल चरे पडले असतील तर तो लेथवर साफ करून घ्यावा. फार पातळ झाला असल्यास नवाच बसवावा.

लायनिंग तेलाने भिजलेले आढळल्यास ते रॉकेलने धुऊन अथवा जाळावर धरून पुन्हा बसवितात. वरून कोरडे दिसले तरी उष्णतेने आतील तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. असे लायनिंग टाकूनच द्यावे. मूळ दोष ॲक्सलच्या ऑइल सीलमध्ये असतो. ते न बदलता नवे शू बसविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. सीलसाठी ॲक्सल बाहेर काढावा लागत असल्याने हे काम जाणत्या फिटरकडे सोपवावे.

जोडणी झाल्यावर चाक अधांतरी असतानाच ब्रेक आवळीत जावे. चाक जखडले की, ते न घासता मोकळे फिरेपर्यंत सैल करावे. मग पेडलांची कडी अडकवून मोकळ्या, कोरड्या पटांगणात, ट्रॉली न जोडता, सावकाश वेगाने परीक्षा घ्यावी. दोन्ही चाकांच्या खुणा जमिनीवर सारख्या उमटल्या पाहिजेत. ट्रॅक्टर उजवीकडे ओढत असेल तर उजवा ब्रेक किंचित सैल करून पुन्हा पाहावे. नवे लायनिंग ड्रमशी पुरते बसेपर्यंत पहिले काही दिवस अवजड ट्रॉली जोडू नये, आणि उतारावर नेताना वरूनच खालचा गिअर टाकून क्लच न दाबता उतरावे.