तार नाही, तरी सांगावा पोचतो

भोर आणि वेल्हे हा डोंगराचा मुलूख. एक वाडी डोंगराच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की इकडचा माणूस इकडे, तिकडचा तिकडे.

आता घरोघरी मोबाईल आले. सांगावा धाडायला माणूस लागत नाही. पण मोबाईल चालतो मनोऱ्याच्या जोरावर आणि मनोरा चालतो विजेच्या जोरावर. वीज गेली, मनोरा बंद पडला, की हातातला फोन मुका होतो.

असे खरेच घडले आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या तळिये गावावर 22 जुलै 2021 रोजी दरड कोसळली. ऐंशीच्या वर माणसे गेली. त्या दिवशी महाडला पुराचा वेढा होता. रस्ते बंद, वीज बंद, फोन लागेनात. मदतीची पथके गावात पोचायला दुसरा दिवस उजाडला.

आपल्याच जिल्ह्यातले माळीण पाहा. 30 जुलै 2014 रोजी सकाळी ते गाव दरडीखाली गेले. बाहेर खबर कशी कळली? एस.टी.चा चालक गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर दिसेना! त्याने ती खबर दिली.

मग फोन मुका झाला तर सांगावा कसा धाडायचा? त्याला एक उपाय आहे. त्याचे नाव हॅम रेडिओ.

आकाशवाणीचा रेडिओ आपण ऐकतो, पण त्याला उत्तर देता येत नाही. हॅम रेडिओवर ऐकता येते आणि बोलताही येते. एक यंत्र, एक बॅटरी आणि उंच बांधलेली एक तार, एवढे असले की झाले. गाडीची बॅटरीही चालते. दोन यंत्रांच्या मध्ये ना तार लागते, ना फोनचा मनोरा.

पण डोंगर आड आला तर? रेडिओच्या लहरी दोन तऱ्हेच्या असतात, असे समजू. हातातल्या छोट्या यंत्राच्या लहरी बॅटरीच्या उजेडासारख्या सरळ जातात. डोंगर आला की अडतात. म्हणून असा माणूस उंच जागा धरतो. तोरण्याच्या माथ्यावरून बोललेले लांबवर ऐकू जाते, ते याचमुळे. दुसऱ्या लहरी वर आभाळाकडे जातात आणि फार उंचावरून परत खाली वळतात. त्या डोंगर ओलांडून पलीकडे उतरतात. कधी कधी तर समुद्रापारही जातात.

हे काम करणारी माणसे पगारी नसतात. त्यांना हा छंद असतो. रिकाम्या वेळी ती दूरदूरच्या माणसांशी बोलतात, यंत्रे जोडतात, दुरुस्त करतात. यातून पैसा मिळवायचा नाही, गाणी वाजवायची नाहीत, असा नियमच आहे. मग उपयोग काय? उपयोग संकटात कळतो.

डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या सोबत्यांसह अंदमान बेटावर गेल्या होत्या. गेल्या होत्या छंदासाठीच. 26 डिसेंबरला समुद्र खवळून किनाऱ्यावर चढला. फोन बंद पडले. तेव्हा त्यांच्याच यंत्रावरून बेटावरच्या माणसांची खुशाली त्यांच्या घरच्यांना कळली. रोजचा सराव होता, म्हणून त्या दिवशी हात चालला. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

मात्र यंत्र आणले आणि बोलू लागलो, असे चालत नाही. आधी सरकारची परीक्षा द्यावी लागते. वीज, रेडिओ आणि नियम यांवर प्रश्न असतात. पास झाले की परवाना आणि खुणेचे नाव मिळते. भारतात ते बहुधा ‘व्ही-यू’ या अक्षरांनी सुरू होते. बारा वर्षांची पोरेसुद्धा परीक्षेला बसू शकतात. आपल्या गावची दोन पोरे तयार झाली, तर सगळ्या खोऱ्याला आधार होईल.

आणि आपण काय करायचे? आपण नीट सांगावा लिहायला शिकायचे. घाबरलेला माणूस बोलताना निम्मे विसरतो. कागदावरचे विसरत नाही. सांगाव्यात चार गोष्टी हव्यात: कुठे, काय झाले, किती माणसे, काय पाहिजे. असे लिहा:

“वरची वाडी. दरड आली. चार जखमी. डॉक्टर आणि दोर पाहिजे. गाडीरस्ता बंद, पायवाट चालू. वेळ सकाळी 7.”

एवढे पुरे. रडगाणे नको, ऐकीव गोष्ट नको. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. आपल्याला आता लिहिता येते. त्या अक्षरांनी कुणाचा तरी जीव वाचेल.

सांगा पाहू :
1. वीज गेल्यावर मोबाईल मुका का होतो?
2. हातातले यंत्र घेऊन उंच जागी का जावे?
3. आपल्या वाडीचा रस्ता वाहून गेला आहे, असे समजा. चार गोष्टी घालून सांगावा लिहा.