एरंडेल : दिव्यापासून औषधापर्यंत

बंगळूरच्या परिसरात एरंडाला ‘हरळु’ आणि त्याच्या तेलाला ‘हरळेण्णे’ असे म्हणतात. टिपू सुलतानाच्या पतनानंतर, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन या डॉक्टराने गव्हर्नर-जनरल वेलस्ली याच्या आज्ञेवरून म्हैसूर प्रदेशाची पाहणी सुरू केली. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात या भागातील एरंडाची लागवड, तेल काढण्याची रीत आणि त्या तेलाचे उपयोग यांची नोंद आढळते. त्या काळी हे तेल दिव्यात जाळीत आणि औषध म्हणूनही वापरीत. पुढे रॉकेल आले आणि १९०५ साली शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. दिव्यातून एरंडेल गेले. घरातून मात्र गेले नाही.

तेल काढण्याची जुनी रीत साधी आहे. बिया भाजून कुटतात, कूट पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारे तेल काढून घेऊन पुन्हा तापवितात, म्हणजे त्यातील पाण्याचा अंश निघून जातो. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हे विष म्हणजे एक प्रथिन होय. ते तेलात विरघळत नाही आणि पुरेशा उष्णतेने निष्प्रभ होते. त्यामुळे नीट उकळून काढलेले तेल निर्विष असते. घाण्यावर न तापविता काढलेल्या तेलाच्या पेंडीत मात्र विष राहते. म्हणून ती जनावरांना न घालता शेतात खत म्हणून टाकतात. कच्च्या बिया चावून खाल्ल्यास मृत्यूही ओढवू शकतो. यासाठी परसातील एरंडाच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

बाह्य उपयोगांत एरंडेल सामान्यतः निर्धोक आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून शिकेकाईने न्हाण्याची प्रथा कर्नाटकात आहे. उष्णता कमी व्हावी म्हणून टाळूवर एरंडेल थापण्याचीही चाल आहे. महाराष्ट्रात वर्षाच्या तांदळाला व डाळींना एरंडेल चोळून ठेवतात, त्यामुळे कीड लागत नाही. हे तेल दाट असल्याने कातडीवर त्याचा थर टिकतो व ती कोरडी पडत नाही. आयुर्वेदाने एरंडाला ‘वातारि’, म्हणजे वाताचा शत्रू, असे नाव दिले आहे. दुखऱ्या सांध्यावर तेल लावून एरंडाचे शेकलेले पान बांधण्याचा उपचार आजही घरोघरी चालतो. एरंडेलाने केस वाढतात, हा समज मात्र सिद्ध झालेला नाही.

पोटात घेतलेल्या एरंडेलाचा प्रश्न निराळा आहे. या तेलात सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. लहान आतड्यात तेलाचे विघटन होऊन ते मोकळे होते आणि रेच होतो. हे नेमके कसे घडते, याचा उलगडा २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून झाला. आतड्याच्या स्नायूंतील ज्या विशिष्ट ग्राहकांना हे आम्ल चेतविते, तेच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंतही असतात. कळा याव्यात म्हणून सुईणी एरंडेल का देत असत, हे यावरून समजते. आणि गर्भवतीने ते आपल्या मनाने का घेऊ नये, हेही समजते.

तान्ह्या मुलाला ठराविक दिवशी एरंडेल पाजण्याची चाल अनेक घरांत होती आणि काही घरांत ती अद्याप आहे. ‘पोट साफ राहिले म्हणजे मूल निरोगी’ हा त्यामागील विचार. वस्तुतः जुलाबावाटे मुलाच्या शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. शिवाय रडणाऱ्या मुलाच्या तोंडात वा नाकात तेल ओतले असता ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येऊ शकते. पोटात कळ येत असताना तिचे कारण ठाऊक नसेल, तर मोठ्यांनीही रेचक घेऊ नये. आंत्रपुच्छाचा दाह असल्यास ते घातक ठरते.

तेव्हा आजीच्या फडताळातील एरंडेलाची बाटली फेकून देण्याचे कारण नाही. धान्याला, टाळूला, भेगाळलेल्या टाचांना ते खुशाल लावावे. पोटात द्यावयाचे झाल्यास मात्र ते औषध आहे हे ध्यानात ठेवून वैद्याला वा डॉक्टरांना विचारावे.