टाइलवर टाइल बसवली, तर गळती थांबेल?

प्रश्न : आमचा फ्लॅट २५ वर्षं जुना आहे. बाथरूममुळे खालच्यांच्या छताला ओल येते. कंत्राटदार म्हणतो, ‘फोडाफोड नको, जुन्या टाइलवरच नवी बसवू, गळती थांबेल.’ सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. काय करावं?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, टाइलवर टाइल चिकटवता येते, पण गळतीवर तो उपाय नाही. पाणी झिरपतं ते सांध्यांतून, आणि बऱ्याचदा नहाणी ट्रॅपभोवतीच्या फटीतून. ते अडवतो टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. तोच खराब झाला असेल, तर वरची नवी टाइल म्हणजे नुसता देखावा. शिवाय जमीन दीड-दोन सेंटिमीटर वर येते, दार घासतं, पाणी पॅसेजमध्ये येतं ते वेगळंच.

घाबरू नका, आधी दोष शोधा. दोन दिवस बाथरूम न वापरताही ओल वाढत राहिली, तर बहुधा भिंतीतला नळाचा पाइप गळतोय. तेवढीच दुरुस्ती पुरेल. फरशीचाच दोष निघाला, तर मात्र फोडावीच लागेल. नवा थर वाळला, की टाइल बसवण्याआधी नहाणी ट्रॅप बुजवून २४ ते ४८ तास पाणी साठवा आणि खालच्यांना छत पाहायला सांगा. घाईत नेमकी हीच चाचणी गाळली जाते, म्हणून ती कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सासूबाईंसाठी मॅट टाइल आणि कमोडशेजारी भिंतीत पक्की बसवलेली दांडी हवी. टॉवेलचा रॉड त्यांचं वजन पेलणार नाही. गिझरचं अर्थिंग याच वेळी तपासून घ्या.

काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.