जुनी बोलेरो घेतलीत? आधी खाली वाकून पाहा

माल आणि कुटुंब दोन्ही वाहायला आपले अनेक व्यापारी बांधव जुनी बोलेरो घेतात. विकणाऱ्याने ऐब सांगायलाच हवा. पण पुष्कळदा त्यालाही तो ठाऊक नसतो. म्हणून गाडी दारात आली की आठवड्याच्या आत ती मेकॅनिककडे न्यावी, असे आम्ही सुचवतो.

आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा धरलेले ऑइल लवकर उकळते. भरली गाडी आंबा घाट उतरताना ब्रेक सतत दाबला की नळीत वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. ऑइल शेवटचे कधी बदलले हे कळत नसेल तर बदलूनच टाकावे, पुढे दर दोन वर्षांनी. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

टायरची नक्षी पाहून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. असा टायर नवा दिसला तरी बदलावा.

गाडी कोकणच्या खाऱ्या हवेत वापरलेली असेल तर मागच्या पाट्यांजवळ चॅसीवर हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर गंज आत गेला आहे. ताज्या काळ्या रंगाचा तर आम्हांला जास्तच संशय येतो.

पट्टे, कूलंट मेकॅनिक पाहीलच. विमा मात्र १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नाहीतर अपघातात स्वतःच्या गाडीची भरपाई अडकते.