गवत्या: हिरवा दिसला म्हणून मारू नका, हातातही घेऊ नका



पावसाळ्यात बांधावरचं गवत कापताना दीड-दोन फुटांचा, जाडसर हिरवा साप दिसतो. तो गवत्या. डिवचला की मान चपटी करतो. लोक नागाची जात समजून त्याला मारतात. पिल्लाच्या मानेवर बाणाच्या टोकासारखी काळी खूण असते.

*तो खातो काय?*
मुख्यतः भेक, म्हणजे खरखरीत, फोडाफोडांच्या अंगाचा बेडूक. भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असतं. कुत्र्याने भेक तोंडात धरला की लाळ-फेस गळतो तो त्यामुळेच. गवत्या मात्र हे विष पचवतो.

*जपानमधला भाऊबंद*
गवत्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव ऱ्हॅब्डोफिस. हिच्यातलाच जपानी साप यामाकागाशी भेकाचं विष स्वतःच्या मानेतल्या ग्रंथींत साठवतो. ज्या बेटावर भेक नाहीत, तिथल्या सापांत हे विष सापडलं नाही, असं 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. याच सापाच्या दाढांमधलं विष वेगळं. त्याच्या चाव्याने रक्त गोठत नाही आणि जपानमध्ये माणसं दगावली आहेत.

आपला गवत्या बिनविषारी मानतात, स्वभावानेही गरीब आहे. तरी त्याला हाताळू नका.

*खरा धोका ओळख चुकण्याचा*
▪ गवत्या: जमिनीवर, गवतात. डोकं मानेपेक्षा फार रुंद नाही.
▪ चापडा (विषारी): सह्याद्रीच्या पट्ट्यात, बांबूवर, झुडपात. डोकं तिकोनी, मान बारीक. तासन् तास एका जागी पडून राहतो.
▪ हरणटोळ: झाडावर, वेलीसारखा बारीक, तोंड टोकदार.

डोकं बघायला जवळ जाऊ नका. शंका आली की विषारीच समजा.

*काय करावं?*
1) गवतात हात घालण्याआधी काठीने हलवा. गमबूट घाला.
2) साप दिसला तर थांबा, त्याला वाट द्या. घरात शिरला तर सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 नंबरला फोन करा.
3) चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता 108 वर फोन करून सरकारी दवाखाना गाठा.
4) सापाला मारून सोबत नेऊ नका. लांबून फोटो मिळाला तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडची नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते, चापड्यावर नाही. त्यामुळे उपचार डॉक्टरांनाच ठरवू द्या.

गवत कापायला येणाऱ्या मजुरांनाही हा मेसेज वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी