पाणबुड्याचं घड्याळ आणि आजीचे नऊ हजार

भाट्याच्या किनाऱ्यावर माझ्या नव्या घड्याळाच्या काचेत आतून धुकं धरलं, तेव्हा पोटात गोळाच आला. आजीनं डिप्लोमाच्या निकालाला दिलेले नऊ हजार त्यात घातले होते.

घड्याळ ‘होमाज’ जातीचं. म्हणजे रूप 1953 साली आलेल्या रोलेक्स सबमरिनरसारखं, पण डायलवर नाव बनवणाऱ्या छोट्या कंपनीचंच. रूममेट म्हणाला, “डुप्लिकेट आहे की रे!” तसं नाही. दुसऱ्याचं नाव छापलं की ती नक्कल. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. रूपाची नोंदणी मात्र 2000 च्या डिझाइन्स कायद्यानं जास्तीत जास्त 15 वर्षं टिकते.

छोट्या कंपन्या आतलं मशीन बहुधा विकतच घेतात. माझ्यात सेकोचं एनएच-35 आहे. तासाला 21,600 ठोके, पूर्ण चावीवर सुमारे 41 तास. दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 पुढे, एवढा फरक कंपनीच धरून चालते. (लेक्चरला उशीर झाल्यास हे कारण चालत नाही, सांगून पाहिलं.)

बाहेरचं कडं एकाच बाजूला फिरतं. धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्तच दिसतो, म्हणजे हवा संपायच्या आत पाणबुड्या वर येतो. डोकं आहे बनवणाऱ्याला!

आता पाणी. डायलवर 200 मीटर, म्हणजे 20 बार. 30 मिलिमीटर व्यासाच्या काचेवर त्या दाबाचा जोर होतो सुमारे 1,400 न्यूटन. दोन धडधाकट माणसं काचेवर उभी! त्यांना अडवायला काचेभोवती, पाठीच्या झाकणाखाली आणि चावीच्या दांड्यावर नुसत्या बारीक रिंगा. आयएसओ 6425 प्रमाणे प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं. नुसतं ‘200 मीटर’ छापलं म्हणजे ती तपासणी झालीच असं नाही. घेताना हे विचारा. मी डायलचा रंग विचारला होता.

राम आळीतल्या घड्याळवाल्या काकांनी पाठ उघडली. मी विकणाऱ्याला शिव्या घालायच्या तयारीत. रिंगा तर उत्तम निघाल्या.

“चावी आवळलेलीस काय रे?”

मी गप्प. सकाळी तारीख बदलली होती, आणि आट्यांची चावी तशीच उघडी राहिली होती. पाणी तिथूनच शिरलं.

काकांनी मशीन साफ करून तेल दिलं, रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावलं. घड्याळ आता दिवसाला 12 सेकंद पुढे जातं. आजीला अजून सांगितलेलं नाही.